सोळावी भट्टी

कपबशांच्या त्या कारखान्यात चार माणसं राबत होती आणि पाचवं टक्के काढत होतं. टक्के काढणारा हा घरातला थोरला मुलगा. वडिलांच्या मागे कारखान्याचा हिशेब हातात घेण्याआधी तो एका विमा कंपनीत नोकरीला होता, आणि तिथून निघताना त्यानं दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या: टेबलावरचा पेनस्टँड आणि कुठलीही गोष्ट टक्क्यांत सांगायची खोड. सर्दी झाली की तो म्हणायचा, आज साठ टक्के बरं आहे. जेवताना भाजी तोंडात घालून क्षणभर विचार करायचा आणि सांगायचा, मीठ दहा टक्के कमी पडलंय. त्याची बायको, म्हणजे थोरली, मिठाची बरणी त्याच्यापुढं सरकवायची आणि म्हणायची, घ्या, तुमच्या हातानं शंभर करा.

कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची एक लांबट शेड. एका टोकाला धाकट्या मुलाचं चाक. मधे फळ्यांच्या मांडण्या, त्यांवर उलटे घालून वाळत ठेवलेले कच्चे कप. दुसऱ्या टोकाला विजेची भट्टी, माणसाच्या खांद्याइतकी उंच, जाड दाराची, तिला वेगळा मीटर. थोरली गिऱ्हाइकं सांभाळायची आणि माल बांधायची. आई दाराशी स्टुलावर बसून भाजून निघालेला एकेक कप नखानं वाजवायची. ठणकला तर चांगला, भद्द वाजला तर त्याला कुठंतरी तडा. माणसांच्या बाबतीतही तिची पद्धत साधारण हीच होती. धाकटा फारसा बोलायचा नाही. त्याला जे म्हणायचं असायचं ते त्याच्या बायकोनं आधीच म्हणून झालेलं असायचं.

ही बायको म्हणजे धाकटी. झिलईचं सगळं काम तिच्याकडे. झिलई म्हणजे कपावरची काचेसारखी चकाकी. भट्टीत जायच्या आधी मात्र ती बादलीतल्या पांढुरक्या चिखलासारखी दिसते आणि तिच्याकडे बघून कुणाला काही आशा वाटत नाही. महिन्याला वीस वेळा भट्टी लागायची. एकोणीस वेळा गिऱ्हाइकांचा माल, तोही सगळा पांढरा, आणि महिन्याची शेवटची भट्टी धाकटीची. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. त्या एका भट्टीत ती आपले रंग लावून बघायची. बरेच दिवस ती एका हिरव्याच्या मागे लागली होती. ओल्या दगडावर शेवाळ धरतं तसला हिरवा. तो तिला कपाच्या एका बाजूला मिळायचा आणि दुसऱ्या बाजूला दगा द्यायचा.

अशात वीज कंपनीचं पत्र आलं. आठाला मिळणारं युनिट पुढच्या महिन्यापासून दहाला.

त्या दिवशी चार वाजताच्या चहाला सगळे शेडमध्ये जमले. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला: भट्टीच्या विजेला महिन्याला आठ हजार जातात, तेवढेच जातील. आठाचे सव्वाआठ झालेले तिला चालणार नव्हते. कमी व्हावेत असंही तिनं म्हटलं नव्हतं. जेवढे होते तेवढे, एवढंच.

थोरल्याला हेच हवं होतं. त्यानं पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही, कारण हिशेब इतका सरळ होता. दर वाढला पंचवीस टक्के. वापर कमी करायचा पंचवीस टक्के. "फिट्टंफाट," तो म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. विसाचे पंचवीस टक्के पाच. म्हणजे भट्ट्या विसाच्या पंधरा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनं डोलावली, थोरलीनं डोलावली, धाकट्यानं डोलावली, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे की धाकटीनंही डोलावली. वर पंचवीस, खाली पंचवीस. कानाला इतकं गोड लागतं की त्यात खोट काढणारा माणूस भांडखोर वाटावा. एका भट्टीला पन्नास युनिटं लागतात, ती नव्या दरानं किती, आणि आठ हजारांत तशा किती बसतात, एवढा भागाकार शाळेतल्या पोरानंही केला असता. पण टक्के हाताशी असताना भागाकार करायला बसतो कोण?

पाच भट्ट्या कमी करायच्या तर त्या कुठून काढायच्या, हा प्रश्न उरला. धाकट्यानं कप जरा दाटीवाटीनं लावायचं कबूल केलं, म्हणजे एकोणीस भट्ट्यांचा माल पंधरांत बसवता येईल. बसला. विसाव्या भट्टीबद्दल कुणी काही बोललं नाही. ती धाकटीची होती, म्हणजे गिऱ्हाइकाची नव्हती, म्हणजे ती आपोआपच गेली. धाकटीच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिची मान डोलवून झालेली होती.

तरी तिनं मनावर घेतलं नसतं. रंग काय, आज नाही तर चार महिन्यांनी. पण नवा दर लागू झाला त्याच महिन्यात कोपऱ्यावर नवं चहागृह सुरू करणारी बाई कपांची चौकशी करायला आली. थोरलीनं तिच्यापुढं पांढरे कप मांडले. बाईनं ते विनम्रपणे पाहिले. मग तिची नजर थोरलीच्या टेबलावर गेली. तिथं धाकटीचा एक फसलेला हिरवा कप सुतळीचे तुकडे ठेवायला वापरला जात होता. बाईनं सुतळ्या बाहेर काढून ठेवल्या, कप उजेडात धरला, अर्धा फिरवला, आणि म्हणाली की असा हवा, पण सगळीकडून असा. पांढरे तर तिला कुठल्याही दुकानात मिळणार होते. पुढच्या महिनाअखेरपर्यंत नमुना दाखवलात तर छत्तीस कप तुमच्याकडून, नाहीतर तिला आपलं दुसरीकडे बघावं लागेल.

बाई गेल्यावर थोरली मागं शेडमध्ये आली आणि धाकटीला बातमी सांगितली. धाकटी त्या वेळी कोपरापर्यंत बादलीत होती. तिनं हात बाहेर काढला, तसाच गालाला लावला, आणि मग दिवसभर तो गाल तसाच घेऊन हिंडली.

ती थोरल्याकडे गेली आणि पुढच्या महिन्यात एक भट्टी मागितली. थोरल्यानं तिला नीट समजावलं. तो वाईट माणूस नव्हता. नियम एकदा केला की त्याला नियमाची दया यायची, एवढंच. एकीला एक दिली तर पंधराच्या सोळा होतील, सोळाचा खर्च आठ हजारांच्या वर जाईल, आणि आईनं काय सांगितलंय? हिशेब आपल्या बाजूचा असता तर आपण दिलीच असती, असंही तो म्हणाला. हे तो अगदी मनापासून म्हणाला.

मग धाकटीनं जे करू नये ते केलं. पांढऱ्या मालाच्या भट्टीत, खालच्या फळीच्या कोपऱ्यात, आपले तीन हिरवे कप सारून दिले. धाकट्यानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं दार लावलं. नवऱ्यानं एवढं तरी करावंच. आता या हिरव्या झिलईची एक खोड अशी, की भट्टी तापली की तिची वाफ निघते आणि ती वाफ शेजारच्या पांढऱ्या झिलईवर बसली की तिथं गुलाबी डाग धरतो. धाकटीला हे ऐकून माहीत होतं. ऐकलेलं खरं असतं का, ते तिनं त्या दिवशी पाहिलं. दार उघडलं तर खालच्या फळीवरचे सगळे पांढरे कप एका बाजूनं लाजले होते. एका हॉटेलचा माल होता तो. हॉटेलवाल्यानं एक कप हातात घेऊन विचारलं की हे असं मुद्दाम केलंय का. थोरलीनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, हो, नवीन आहे, तुम्हाला पहिल्यांदा दाखवतोय. त्यानं निम्मे घेतले. उरलेल्यांतून घरातले सगळे अजून चहा पितात. हिरवे तीन कप मात्र कोपऱ्यात अर्धवट तापून करड्या रंगाचे झाले होते.

थोरला त्या दिवशी रागावला नाही. त्यानं फक्त सांगितलं की नुकसान किती टक्के झालं ते तो नंतर काढेल. धाकटीला रागावलेलं परवडलं असतं.

महिना संपला. नव्या दराचं पहिलं बिल आलं. थोरल्यानं ते फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून उभा राहिला. आठ हजारांच्या तयारीनं बसलेल्या माणसाच्या हातात साडेसात हजारांचं बिल आलं होतं.

पाचशे वाचले. दर वाढलेला असताना वाचले. ही बातमी त्यानं शेडभर फिरून प्रत्येकाला वेगवेगळी सांगितली. कारण शोधायला त्याला वेळ लागला नाही. महिन्याभरापूर्वी त्यानं भट्टीवर एक कागद चिकटवला होता: दार पटकन लावा. भट्टीचं दार उघडतं ते ती गार असताना, आणि गार भट्टीचं दार पटकन लावून वीज कशी वाचते, हे धाकट्यानं विचारलं नाही. तो मान हलवून चाकाकडे वळला. आईनं थोरल्याला शाबासकी दिली. थोरलीनंही कौतुक केलं, पण तिच्या कौतुकात जरा काळजी होती, कारण नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला आधीच कळलं होतं.

त्याच्या डोक्यात फिरती खुर्ची होती. विमा कंपनीत साहेबाला तशी होती. बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात तो दोनदा जाऊन तिच्यात बसून आला होता, एकदा तर पूर्ण एक फेरी मारून. महिना पाचशेचा हप्ता. आता हे पाचशे दर महिन्याला वाचणार होते, तेही त्याच्याच अकलेनं, मग त्याच्या पाठीला थोडा आराम मिळाला तर कुणाचं काय जाणार होतं? त्याच संध्याकाळी तो बयाणा देऊन आला.

कुणाचं काय जाणार होतं ते दोन दिवसांनी कळलं.

धाकटी त्या सकाळी पांढऱ्या झिलईची बादली करत होती. बादलीत चार मग झिलई होती आणि ती तिला जरा घट्ट वाटली, म्हणून तिनं एक मग पाणी घातलं. ढवळून बोट बुडवलं, तर नखाचा रंग खालून दिसायला लागला. फारच पातळ. यावरचा उपाय सोपा असतो: बादलीला हात लावायचा नाही, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी काढून टाकायचं. जेवणानंतर येऊन तिनं वरचं पाणी मगानं काढलं. एक मग घातलं होतं, एक मग काढलं. बादली पुन्हा चार मगांवर आली, झिलई पहिल्यासारखी झाली, आणि धाकटी हातात भरलेला मग घेऊन तशीच उभी राहिली.

मग तोच होता. पाणीही तेवढंच. पण घातला तेव्हा तो चारातला एक होता, म्हणजे पाव; आणि काढला तेव्हा पाचातला एक, म्हणजे पाचवा हिस्सा. घातला पाव म्हणून काढतानाही पावच काढायचा हट्ट तिनं धरला असता, तर पाचाचा पाव सव्वा मग, आणि बादलीत उरले असते पावणेचार. चार नव्हे. झिलई घट्ट झाली असती आणि तिला वाटलं असतं की आपण काहीतरी वाचवलं.

तिनं मगातलं पाणी मोरीत ओतलं नाही. चार वाजेपर्यंत ते तसंच झाकून ठेवलं.

चहाच्या वेळी तिनं बादली सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवली. धाकट्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपला कप उचलून जरा लांब जाऊन बसला. तिनं आईला आधी एकच गोष्ट विचारली: पत्र आलं त्या दिवशी तुम्ही वाचवायला सांगितलं होतं, की तेवढेच ठेवायला? आई म्हणाली, तेवढेच ठेवायला. मग धाकटीनं बादलीचा सगळा प्रयोग करून दाखवला, एक मग घातला, एक मग काढला, आणि थोरल्याकडे वळली.

"दादा, दर आठाचा दहा झाला. चढताना तुम्ही आठावर मोजलंत, उतरायचं होतं ते दहावरून. दहातले दोन म्हणजे पाचवा हिस्सा. विसाचा पाचवा हिस्सा चार. तुम्ही पाच काढल्या, आणि जास्तीची जी एक गेली ती माझी होती."

थोरल्याला बादलीचा राग आला. त्याच्या मते हिशेब कागदावर होतो, बादलीत होत नाही. तो म्हणाला की बिल जास्त आलं असतं तर चूक म्हणता आलं असतं. कमी बिल येणं ही चूक कशी असू शकते? जगात कुणी कमी बिलाबद्दल तक्रार केली आहे का? वाक्य ऐकायला बरोबर होतं. आईनं हातातला कप खाली ठेवला.

"मी पाहुण्याला चार चमचे साखर घाल म्हणाले आणि तू तीन घातलीस," ती म्हणाली, "तर साखर वाचली म्हणून मी तुला खुर्ची आणून देऊ का?"

खुर्चीबद्दल आईला कुणी सांगितलं, म्हणून थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. थोरली बशीतल्या चहाच्या थेंबाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

मग थोरला जरा मवाळ झाला. त्यानं कॅल्क्युलेटर काढलं. ठीक आहे, तो म्हणाला, आपण न्यायानं जाऊ. आठ हजारांचे साडेसात झाले, म्हणजे खर्च सव्वासहा टक्के उतरला. तर वापर सव्वासहा टक्के चढवू. जेवढं कमी झालं तेवढं परत. त्यानं बटणं दाबली, पंधराचे सव्वासहा टक्के, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. एक पूर्ण भट्टी येत नव्हती. शून्य पूर्णांक नऊ तीन सात पाच येत होती.

"म्हणजे पंधरा आणे," आई म्हणाली. तिला जुना हिशेब तोंडपाठ होता.

थोरलीला हसू आवरेना. तिनं विचारलं की पंधरा आणे भाजलेला कप चहागृहाच्या बाईला कसा दाखवायचा. यात चहा ओता पण ओठ लावू नका, असं सांगायचं का? धाकटा लांबून म्हणाला की भट्टी अशी अर्ध्यात बंद करता येत नाही. त्या संपूर्ण संध्याकाळी तो एवढंच बोलला, आणि तेही भट्टीची बाजू घेऊन.

थोरला मात्र हसला नाही. तो कॅल्क्युलेटरकडे बघत होता. पाचशे वाचले होते. नव्या दरानं एका भट्टीला पाचशेच लागतात, हे त्याला पाठ होतं. मग पाचशेत एक भट्टी यायला हवी, पूर्ण एक, आणि हे यंत्र म्हणत होतं पंधरा आणे. यंत्र चुकत नाही. मग एक आणा गेला कुठं?

त्याचा अंगठा बटणावरून उचलला गेला. सव्वासहा टक्के उतरला तो आठ हजारांचा. आता चढवताना त्यानं ते पंधराचे घेतले होते, आणि पंधरा भट्ट्या म्हणजे साडेसात हजार. पुन्हा तेच. एकावर मोजलं आणि दुसऱ्यावरून उतरवलं. महिन्यापूर्वी जे केलं होतं तेच आत्ता, सगळ्यांसमोर, उलट्या बाजूनं.

माणसं चूक दाखवली की चिडतात. पण तीच चूक आपल्याच हातानं दुसऱ्यांदा झालेली दिसली की चिडायला समोर कुणी उरत नाही. थोरल्याचे कान लाल झाले. त्यानं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवलं आणि शाळेत पाढे म्हणताना मुलं करतात तसं बोटांवर काहीतरी मोजलं.

"चार पंचे वीस," तो हळू म्हणाला. मग उलट मोजून म्हणाला, "पाच चोक वीस."

आईनं काय ते विचारलं. तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज वर चढत गेला, कारण कबुली असली तरी शेवटी तो हिशेब होता. दर चाराचा पाच झाला असं धरा. खर्च तोच राहायचा तर वापर पाचाचा चार व्हायला हवा. चार पंचे वीस, पाच चोक वीस, दोन्हीकडे वीस. चाराचे पाच म्हणजे पाव वाढ. पाचाचे चार म्हणजे पाचवा हिस्सा कपात. पंचवीस टक्के आणि वीस टक्के, आणि तरीही फिट्टंफाट. विसाचे पाच भाग करा, चार ठेवा. सोळा. सोळा पाचशे आठ हजार.

"सोळा," त्यानं पुन्हा म्हटलं. मग धाकटीकडे वळून म्हणाला, "कशाचे टक्के, एवढंच मी विचारलं नाही. तुझी भट्टी तुझी आहे."

आईनं बादली उचलायला सांगितली, कारण चहा गार होत होता आणि माशा यायला लागल्या होत्या. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी थोरला फर्निचरच्या दुकानात बयाणा परत मागायला गेला. दुकानदार म्हणाला, परत देतो, पण दहा टक्के कापून. थोरल्यानं तिथल्या तिथं विचारलं, कशाचे? बयाण्याचे की खुर्चीच्या किमतीचे? दुकानदारानं असा प्रश्न आयुष्यात ऐकला नव्हता. त्यानं नाइलाजानं बयाण्याचे कापले. थोरला जाता जाता त्या खुर्चीत एकदा बसला आणि उठून आला.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सोळावी भट्टी लागली. धाकटीनं सगळं एकटीनं लावलं. बारा कप, त्यांत झिलईचे तीन प्रकार, एकमेकांना लागू नयेत असे. वर उरलेल्या जागेत तिनं आणखी काही ठेवू दिलं नाही. धाकटा जवळ उभा राहून फळ्या देत होता. दार लावलं, बटण दाबलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. भट्टी तापायला तिचा वेळ घेते आणि निवायला त्याहून जास्त घेते. घाईनं दार उघडलं तर गार वाऱ्यानं कप तडकतात, म्हणून थांबायचं. या थांबण्याची धाकटीला सवय होती. थोरल्याला नव्हती. दुसऱ्या दिवशी तो दर थोड्या वेळानं शेडमध्ये यायचा, भट्टीच्या दाराला लांबून हात दाखवून बघायचा आणि विचारायचा, आता? थोरलीनं शेवटी त्याला बाजारातून खोकी आणायला पिटाळलं.

तो खोकी घेऊन परत आला तेव्हा दार उघडलं होतं आणि धाकटी आत वाकली होती. तिनं पहिला कप बाहेर काढला आणि आईच्या हातात दिला. मग दुसरा. हिरवा होता, सगळीकडून होता. तळाशी गडद, काठाकडे उजळत गेलेला. असे सात निघाले. तिसऱ्या प्रकारची झिलई मात्र ओघळली होती. त्या प्रकारचे पाच कप खालच्या फळीला असे चिकटले होते, की फळी आणि कप आता एकच वस्तू झाली होती. धाकटी त्यांच्याकडे बघून हसली. सात मिळाल्यावर पाचांचं दुःख कोण करत बसतं?

चहागृहाची बाई महिना संपायच्या आदल्या दिवशी आली. तिनं सातही कप टेबलावर ओळीनं ठेवले, फिरवले, एकात थोरलीकडून चहा ओतून घेतला, प्याली, आणि म्हणाली की छत्तीस. शिवाय बशा वेगळ्या. थोरलीनं भाव सांगितला. त्यात तिनं त्या भट्टीची वीज धरलेली होती, फसू शकणाऱ्या कपांची भर धरलेली होती आणि थोडं आणखीही काहीतरी धरलेलं होतं, जे काय आहे हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. बाईनं जरा कुरकुर केली आणि मान्य केलं.

बाई गेल्यावर थोरली मागं आली, तर शेडमध्ये छिन्नीचा आवाज येत होता. थोरला जमिनीवर पोतं टाकून बसला होता. समोर ती चिकटलेली फळी होती. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी, आणि नाकावर चष्म्याच्या खाली हिरव्या चुऱ्याचा थर. फळी महागाची असते, टाकून देता येत नाही. चिकटलेली झिलई अशी ठोकून ठोकूनच काढावी लागते, आणि हे काम घरात कुणालाच आवडत नाही. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी शेजारी तराजूवर पुढच्या झिलईची भुकटी तोलत होती. पाचातले तीन कप निघाले होते, चौथा हट्टाला पेटला होता. थोरल्यानं हातोडी खाली ठेवून चष्मा पुसला आणि विचारलं की ही इतकी ओघळते ती कशानं, यात काय जास्त पडलं होतं.

धाकटीनं तराजूवरून नजर न काढता त्याला स्टूल जवळ घ्यायला सांगितलं, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.